रेप्लिकेशनचा जॉब तीन दिवसांनी मरतो : वेळमर्यादा कुठे आणि किती वाढवावी?

निशाचर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका मोठ्या फाइल सर्व्हरचा बॅकअप रोज रात्री स्थानिक रिपॉझिटरीत (बॅकअप साठवण्याच्या जागेत) पडतो. पूर्ण बॅकअपची एकच अखंड फाइल आहे, साधारण २० टीबीची. त्यावर रोजचे इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेला तेवढाच डेटा), दिवसाला ३०० जीबीच्या आसपास. ही सगळी साखळी आता दुसऱ्या साइटवरच्या सर्व्हरवर न्यायची आहे, म्हणजे तिचं रेप्लिकेशन करायचं आहे. मधली लाइन ५०० एमबीपीएस. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रोबोकॉपी ही फाइली कॉपी करणारी कमांड चालवतो.

अडचण अशी की पहिली पूर्ण प्रत पोचतच नाही. जॉब नीट सुरू होतो, वेगही बरा असतो, आणि तिसरा दिवस उलटला की बंद पडलेला दिसतो. रोबोकॉपीच्या लॉगमध्ये एररची एकही ओळ नाही, टक्केवारी मध्येच तुटलेली. पुन्हा चालवला की शून्यापासून सुरुवात. लाइन तुटल्याची नोंद नेटवर्कवाल्यांकडे नाही.

नेमकी कुठली वेळमर्यादा वाढवायची, किती वाढवायची, आणि वाढवली तर दुसरीकडे काही बिघडतं का, हे समजून घ्यायचं आहे. दुसऱ्या साइटवर प्रत नाही तोवर रॅन्समवेअरच्या एका हल्ल्यात मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही जाऊ शकतात. त्यामुळे हे लवकर मार्गी लागायला हवं.

आकडेमोड

आधी गणित मांडू, म्हणजे जॉब खरंच लांबतोय की अडकतोय ते कळेल.

५०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६२.५ एमबी. २० टीबीला त्या वेगाने ३,२०,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ ८९ तास. हे कागदावरचं. टनेलचा (दोन साइटमधल्या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीचा) बोजा, इतर ट्रॅफिक, डिस्कचा वेग धरून ७० टक्केच हाती लागले तर १२७ तास, म्हणजे सव्वापाच दिवस. तुमचा जॉब ७२ तासांत होणं शक्यच नाही, आणि तो बरोबर ७२ तासांनीच मरतोय.

टास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये सेटिंग्जचा टॅब उघडा. 'टास्क अमुक वेळेपेक्षा जास्त चालला तर थांबवा' असा पर्याय तिथे आहे आणि त्याची मूळ किंमत ३ दिवस असते. टास्क बनवताना कोणी तिला हात लावत नाही, कारण नेहमीचे जॉब तासाभरात संपतात. ट्रिगरच्या (टास्क कधी सुरू व्हावा हे ठरवणाऱ्या नोंदीच्या) प्रगत सेटिंग्जमध्येही अशीच एक वेगळी मर्यादा असते, तीही बघा. दोन्हींपैकी जी आधी संपेल ती जॉबला मारते.

खात्री करायची तर त्या टास्कचा 'लास्ट रन रिझल्ट' काय दाखवतो ते सांगा. ०एक्स४१३०६ असेल तर टास्क बाहेरून थांबवला गेला. टास्कची हिस्ट्री बऱ्याच मशिनांवर बंद असते, ती आधी चालू करून ठेवा.

निशाचर

०एक्स४१३०६ च आहे! मर्यादाही ३ दिवसच निघाली. खूप आभार. मग त्या पर्यायापुढची खूणच काढून टाकतो.

जुनाजाणता

निशाचर, जरा थांबा. आकडेमोड यांचं निदान अचूक आहे, पण ती खूण काढण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. इतक्या लांब जॉबच्या वाटेवर एकच घड्याळ नसतं. एक थांबवलं की त्याच्यामागचं दिसायला लागतं, आणि प्रत्येक वेळी ते पाच दिवस वाया गेल्यावर दिसतं. म्हणून सगळी घड्याळं आधी शोधायची आणि मगच जॉब सोडायचा.

सर्वांत वर शेड्युलर. विंडोजवर तो ७२ तासांचा. लिनक्सवर सिस्टिमडीमध्ये (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) साध्या सर्व्हिसला सुरू व्हायला मूळची मुदत ९० सेकंद असते, पण 'वनशॉट' (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारात ती मुळातच बंद असते. बॅकअपचे बहुतेक युनिट वनशॉट असतात. त्यामुळे 'रनटाइममॅक्ससेक' (चालण्याची कमाल मुदत) लिहून काही उपयोग होत नाही, वनशॉटवर ते लागूच पडत नाही. तिथे मर्यादा घालायची तर 'टाइमआउटस्टार्टसेक' वापरायचं. हे माहीत नसल्यामुळे मर्यादा घातली आहे असं वर्षानुवर्षं समजणारे लोक मी पाहिले आहेत.

त्याखाली स्क्रिप्ट. आधीच्या कुणीतरी कमांडपुढे 'टाइमआउट' लावून ठेवलेलं असतं. ते जॉबला मारतं तेव्हा १२४ हा कोड परत देतं. लॉगमध्ये १२४ दिसला तर नेटवर्कमध्ये शोध घेण्याची गरज नाही.

मग ओळखीचा पुरावा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कवरची खाती सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) कर्बेरॉसचं तिकीट, म्हणजे लॉगिनचा तात्पुरता पुरावा, मूळ धोरणानुसार १० तासांचं असतं आणि नूतनीकरण करत करत ७ दिवसांपर्यंत ओढता येतं. विंडोज हे नूतनीकरण आपणहून करतं. लिनक्सवर कीटॅबशिवाय (खात्याची किल्ली साठवलेल्या फाइलीशिवाय) एकदाच तिकीट घेऊन जॉब सोडला असेल तर मात्र जॉबला रात्रीतच दार बंद होतं. क्लाउडकडे प्रत नेणाऱ्यांनी हे आणखी बारकाईने पाहावं. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, घेऊन मिळणारी तात्पुरती ओळख जास्तीत जास्त १२ तास टिकते, आणि एका रोलमधून दुसरा रोल घेतला असेल तर १ तासच. टूल ती ओळख मधे आपणहून ताजी करतं का, हे जॉब सोडण्याआधी तपासायचं.

शेवटी मशिन स्वतः. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. सहा दिवसांचा जॉब त्या आठवड्यात पडला आणि आपोआप रीस्टार्ट चालू असेल, तर बाकी सगळ्या मर्यादा वाढवून हाती काहीच लागत नाही. दोन्ही बाजूंच्या मशिनांचा रीस्टार्ट तेवढ्या काळापुरता ठरवून पुढे ढकला, आणि जॉब झाल्या झाल्या अपडेट टाका.

शंकासूर

मुळात मर्यादा हवीच कशाला? जॉब संपेल तेव्हा संपेल. सगळीकडे शून्य किंवा अनंत टाकून मोकळं व्हावं. मर्यादेने आजवर माझं भलं केलेलं मला आठवत नाही.

आकडेमोड

शंकासूर, याच धाग्यातलं उदाहरण घ्या. रोबोकॉपीला काही सांगितलं नाही तर अडलेल्या फाइलसाठी तो १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि दर दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबतो. म्हणजे ३ कोटी सेकंद, सुमारे ३४७ दिवस, एका फाइलसाठी. या काळात टास्क 'रनिंग' असाच दिसतो. कुठे लाल खूण नाही, मेल नाही. वर टास्क शेड्युलरचा मूळ नियम असा की जुना चालू असताना नवा सुरू करायचा नाही. त्यामुळे रोज रात्रीचा जॉब गुपचूप वगळला जातो. मर्यादा नसलेला जॉब एका लॉक झालेल्या फाइलपाशी उभा राहिला, तर दुसऱ्या साइटवरची प्रत महिन्यापूर्वीची आहे हे रिस्टोअर करायच्या दिवशी कळेल.

म्हणून निशाचर, रोबोकॉपीला 'आर' आणि 'डब्ल्यू' हे दोन पर्याय स्वतः द्या. ५ प्रयत्न, मधे ६० सेकंद, एवढं पुरतं.

जुनाजाणता

आकडेमोड यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात माझी भर.

शंकासूर यांच्या वैतागात तथ्य आहे. घड्याळावरची मर्यादा जॉबला प्रश्न विचारते की 'तू किती वेळ चालतोयस?' तो प्रश्नच मोठ्या जॉबसाठी चुकीचा आहे. विचारायला हवं की 'गेल्या पंधरा मिनिटांत तू किती पुढे सरकलास?' पाचव्या दिवशीही सेकंदाला ४० एमबी नेणाऱ्या जॉबला मारणं हे नुकसान आहे. आणि दुसऱ्याच तासाला गोठलेल्या जॉबला पाच दिवस जिवंत ठेवणं हेही तेवढंच नुकसान.

आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या टूलमध्ये ही सोय तयार आहे. त्याचा 'टाइमआउट' पर्याय एकूण वेळ मोजत नाही, डेटाची हालचाल किती वेळ थांबली ते मोजतो. मूळ किंमत शून्य, म्हणजे कधीच नाही. ९०० ठेवला तर पंधरा मिनिटं काहीच न हलल्यावर तो ३० हा कोड देऊन बाहेर पडतो. एकूण वेळेसाठी वेगळा 'स्टॉप-आफ्टर' पर्याय ३.२.३ आवृत्तीपासून आला आहे. दोन्ही वेगळे आहेत, आणि मोठ्या जॉबसाठी पहिला जास्त मोलाचा.

रोबोकॉपीत तशी सोय नाही. पण दर पंधरा मिनिटांनी नेटवर्क कार्डाचे पाठवलेले बाइट मोजणारी छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट लिहिता येते. आकडा हलत नसेल तर आधी मेल, आणखी दोन फेऱ्या तसाच राहिला तर जॉब बंद. लांब जॉबवर मी एवढाच पहारा ठेवतो. घड्याळाची मर्यादा त्याच्याही बाहेर, भरपूर सैल, शेवटचा आधार म्हणून.

तारायंत्र

नेटवर्कची बाजू मांडते. टाइमआउट म्हटलं की सगळे जॉबच्या सेटिंगमध्ये शोधतात, पण मधल्या फायरवॉलच्या आणि नॅटच्या (नेटवर्कचे पत्ते बदलून देणाऱ्या उपकरणाच्या) स्वतःच्या मुदती असतात, आणि त्या कनेक्शन किती वेळ गप्प आहे ते मोजतात. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ३५० सेकंद गप्प राहिलेलं कनेक्शन विसरतो. अझ्यूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत ४ मिनिटं आहे. उलट लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते बघणारा पर्याय) पहिली चाचपणी करतो ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, आणि तीही प्रोग्रामने तो पर्याय चालू केला असेल तरच. मधला गेटवे सहा मिनिटांत विसरणार आणि टोकाला दोन तास पत्ता नाही, ही जोडीच घातक आहे.

'पण आमचा जॉब तर सतत डेटा पाठवतो, गप्प कुठे असतो?' हा प्रश्न मला नेहमी येतो. जॉब गप्प असतो, आणि बराच वेळ असतो. मोठ्या फाइलचं चेकसम (मजकूर जुळतो का ते तपासायचा आकडा) काढताना, लाखो फाइलींची यादी बनवताना, पलीकडे डिडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच ठेवण्याचं काम) चालू असताना तारेवर काहीच जात नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये डेटा एका कनेक्शनवरून वाहतो आणि आज्ञांचं कनेक्शन तासन् तास मुकं असतं. ते तुटलं की डेटा पूर्ण पोचूनही जॉब 'फेल' म्हणून नोंदला जातो.

एसएसएचवरून (सुरक्षित रिमोट जोडणीवरून) चालणाऱ्यांनी 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल', म्हणजे दर किती सेकंदांनी चाचपणी करायची ते, ६० ठेवा. मूळ किंमत शून्य असते. 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स' (उत्तर न आलेल्या किती चाचपण्या चालवून घ्यायच्या) मूळचा ३ आहे, तो खराब लाइनवर थोडा वाढवला तरी चालेल. यासाठी फायरवॉलची मुदत वाढवून मागू नका, ते सगळ्यांच्या कनेक्शनवर परिणाम करतं. आपल्या टोकाकडून थोडी हालचाल चालू ठेवणं जास्त बरं.

विदापाल

डेटाबेसवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. इथे वेळ वाढवण्याची किंमत जॉबला मोजावी लागत नाही, ती चालू डेटाबेसला मोजावी लागते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वॉल (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली) पलीकडे पाठवण्याचा 'वॉल सेंडर टाइमआउट' मूळचा ६० सेकंद असतो. लाइन संथ असेल तर तो वाढवणं रास्त. पण रेप्लिकेशन स्लॉट (पलीकडचं टोक कुठवर पोचलं याची नोंद) वापरत असाल आणि पलीकडचं टोक अडकलं असेल, तर स्लॉट त्याच्यासाठी वॉल फाइली राखून ठेवत राहतो. मूळ सेटिंगमध्ये त्याला वरची हद्द नाही. मुख्य सर्व्हरची डिस्क भरते आणि डेटाबेस थांबतो. १३ व्या आवृत्तीपासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' आहे. ती हद्द घाला आणि मगच टाइमआउट वाढवा. हद्द ओलांडली तर स्लॉट निकामी होतो आणि प्रत पहिल्यापासून करावी लागते, हे खरं. पण मुख्य डेटाबेस जिवंत राहतो.

पीजी डंप (पोस्टग्रेसचं बॅकअप टूल) दहा तास चालला तर दहा तास त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं डेटाचं गोठवलेलं चित्र, उघडा असतो. त्या काळात मेलेल्या (बदललेल्या किंवा पुसलेल्या जुन्या) रो व्हॅक्यूमला, म्हणजे साफसफाई करणाऱ्या प्रक्रियेला, काढता येत नाहीत आणि सतत बदलणारी टेबलं फुगतात. मायएसक्यूएलच्या सिंगल ट्रान्झॅक्शन डंपमध्ये हीच गोष्ट अनडू लॉगची (बदलांआधीच्या जुन्या नोंदींची) होते. पीजी बेसबॅकअप (पूर्ण डेटाबेसची प्रत घेणारं टूल) मधे तुटला तर तिथून पुढे चालू होत नाही, हेही मर्यादा ठरवताना धरा.

शंकासूर

विदापाल, यावरून आठवलं. व्हर्च्युअल मशिनच्या स्नॅपशॉटवरून थेट रेप्लिकेशन करणाऱ्यांचं काय? तिथे मर्यादा वाढवली तर स्नॅपशॉटही तेवढा वेळ उघडा राहणार ना?

जुनाजाणता

राहणार. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशिनच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा स्वतःचा सल्लाच आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. डेल्टा फाइल (स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणारी) वाढत जाते, आणि काढताना ती मूळ डिस्कमध्ये मुरवायला मशिनचा वेग खाते. म्हणून जिवंत मशिनवरून पाच दिवसांचं रेप्लिकेशन करायचं नसतं. आधी स्थानिक बॅकअप उरकायचा, स्नॅपशॉट सोडायचा, आणि त्या बॅकअपची प्रत सावकाश पलीकडे न्यायची. निशाचर यांनी हा क्रम बरोबर ठेवला आहे.

निशाचर

सद्यस्थिती सांगतो. टास्कची मर्यादा ८ दिवस केली, 'आर' आणि 'डब्ल्यू' दिले, रीस्टार्ट पुढे ढकलले. जॉब ७२ तासांच्या पुढे सहज गेला. पण आता स्थानिक बॅकअपने तक्रार सुरू केली आहे. आमचं सॉफ्टवेअर रोज रात्री सर्वांत जुना इन्क्रिमेंटल पूर्ण फाइलमध्ये मर्ज करतं, म्हणजे मिसळून टाकतं. ती २० टीबीची फाइल रोबोकॉपीने उघडी धरली आहे, म्हणून मर्ज होत नाही. जॉब थांबवू की चालू ठेवू?

तुकडेजोड

निशाचर, मर्ज थांबलाय हे तुमच्या पथ्यावरच पडलंय. फाइल पाठवता पाठवता तिच्या आत मर्ज झाला असता तर पलीकडे अर्धी जुनी, अर्धी नवी अशी निरुपयोगी प्रत पोचली असती, आणि रोबोकॉपीने ती यशस्वी म्हणून नोंदवली असती.

रिपॉझिटरीत जागा असेल तर जॉब चालू ठेवा आणि तेवढ्या दिवसांपुरतं रिटेन्शन (जुने बॅकअप किती काळ ठेवायचे ती मुदत) वाढवा, म्हणजे मर्जची वेळच येणार नाही. सव्वापाच दिवसांचे जादा इन्क्रिमेंटल म्हणजे साधारण १.६ टीबी. तेवढी मोकळी जागा आहे का, हे आज बघा.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा मुद्दा. वरच्या चर्चेत मर्यादा किती वाढवायची यावर भर आहे. पण जॉब तुटल्यावर जिथे होता तिथून पुढे जाऊ शकत असेल, तर मर्यादेची धारच बोथट होते. मग ७२ तासांची मर्यादाही चालते, कारण दुसऱ्या फेरीत काम पुरं होतं. तुमच्या कमांडमध्ये 'झेड' पर्याय नाही, म्हणून प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात होते. 'झेड' लावला की रोबोकॉपी एकाच फाइलमध्येही तुटल्या जागेपासून पुढे जातो. वेग थोडा कमी होतो. मूळ फाइल मधल्या काळात बदलली तर मात्र पुन्हा पहिल्यापासून, म्हणूनही मर्ज थांबलेला हवा.

आरसिंकला 'पार्शियल-डिर' (अर्धवट फाइली राखून ठेवायची जागा) द्या. बोर्ग हे बॅकअप टूल दर ३० मिनिटांनी आपणहून चेकपॉइंट घेतं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांनी रिसीव्हला (प्रत स्वीकारणाऱ्या कमांडला) 'एस' द्यावा, म्हणजे तुटल्यावर पलीकडे एक रिझ्यूम टोकन (कुठून पुढे जायचं याची खूण) मिळतं आणि ते सेंडला (पाठवणाऱ्या कमांडला) दिलं की उरलेला प्रवाह पुढे सुरू होतो. फक्त ज्या स्नॅपशॉटचं रेप्लिकेशन चालू आहे त्याच्यावर 'होल्ड' (पुसू न देणारी खूण) ठेवा. नाहीतर जुने स्नॅपशॉट साफ करणारी स्क्रिप्ट तोच उडवते आणि टोकन कुचकामी ठरतं.

आणि पुढच्या वेळी पूर्ण बॅकअपची फाइल एकच अखंड न ठेवता ठरावीक आकाराच्या तुकड्यांत पाडता येते का, ते सॉफ्टवेअरमध्ये बघा. २० टीबीची एक फाइल अडते तेव्हा सगळंच अडतं.

शंकासूर

मोठी डिस्क घेऊन गाडीनेच का नेऊ नये?

आकडेमोड

न्यावी की. सेकंदाला २०० एमबी धरले तर २० टीबी भरायला सुमारे २८ तास, पलीकडे उतरवायला तेवढेच. सव्वापाच दिवसांपेक्षा कमीच. डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी आणि किल्ली तिच्यासोबत जाता कामा नये. पण निशाचर यांचा जॉब आता अर्ध्याच्या पुढे गेला आहे, आता तो होऊ द्यावा.

निशाचर, एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ती पुढच्या आठवड्यात अडवेल. पूर्ण प्रत पोचेपर्यंत सव्वापाच दिवसांचे इन्क्रिमेंटल साचलेले असतील, १.६ टीबी. सेकंदाला ४४ एमबीने त्याला दहा तास लागतात. रोजच्या ३०० जीबीला मात्र दोन तासही लागत नाहीत. तुम्ही रोजच्या जॉबची मर्यादा दोन तासांवर बेतून चार-पाच तास ठेवली, तर पहिल्याच रात्री तो मारला जाईल. दुसऱ्या रात्री उरलेलं अधिक नवं, असं रेंगाळत राहील. पहिला आठवडा १६ तास ठेवा. साठलेलं सगळं गेलं की मग खाली आणा.

आणि पहिल्या प्रतीचा टास्क व रोजचा टास्क वेगवेगळे ठेवा. एकाच टास्कची मर्यादा ८ दिवस करून ती तशीच राहिली, तर रोजचा दोन तासांचा जॉब अडकल्यावर आठवडाभर कोणाला कळणार नाही. रोजच्या जॉबला माझा ठोकताळा असा: गेल्या महिन्यातला सर्वांत लांब यशस्वी जॉब घ्या, त्याच्या दीडपटीला इशाऱ्याचा मेल, तिपटीला जॉब बंद. डेटा वाढत जातो तसे हे आकडे दर तिमाहीला पुन्हा काढायचे.

शंकासूर

आणि रोजचा बदलच लाइनच्या क्षमतेबाहेर गेला तर?

आकडेमोड

मग मर्यादेचा संबंध संपला. या लाइनवरून ७० टक्क्यांनी दिवसाला ३.७८ टीबी जातात. रोजचा बदल त्याच्या जवळ आला तर लाइन वाढवणं, कॉम्प्रेशन, किंवा कमी वेळा प्रत नेणं, एवढेच रस्ते. तिसरा रस्ता घ्यायचा तर किती तासांचा डेटा गेला तर चालेल, हे डेटाच्या मालकाने ठरवायचं, आपण नाही.

तारायंत्र

कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी व्यवस्था) वापरणाऱ्यांसाठी छोटी नोंद. जॉबच्या 'ॲक्टिव्हडेडलाइनसेकंड्स'ची मुदत सगळ्या पुन:प्रयत्नांची मिळून असते, एका प्रयत्नाची नाही. ती 'बॅकऑफलिमिट'च्याही (किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा त्या आकड्याच्याही) वर चालते. मुदत संपली की उरलेले प्रयत्न मिळत नाहीत. क्रॉनजॉबला (ठरल्या वेळी चालणाऱ्या जॉबला) 'कन्करन्सीपॉलिसी' फॉरबिड ठेवा, मूळची सेटिंग दोन जॉब एकाच वेळी चालू देते.

निशाचर

पूर्ण प्रत पोचली! रिटेन्शन वाढवून मर्ज टाळला, साठलेले इन्क्रिमेंटलही वेगळ्या टास्कने गेले. आता 'झेड' लावलेला रोजचा टास्क स्वतंत्र मर्यादेसह चालू आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विचारायचं आहे. प्रत खरी आहे हे तपासायला दोन्हीकडे पूर्ण फाइलचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढावा म्हणतो. रिटेन्शन कधी पूर्ववत करू?

तुकडेजोड

हॅश जुळेपर्यंत करू नका. रिटेन्शन खाली आलं की मर्ज सुरू होईल, मूळ फाइल बदलेल आणि तुलनेला काही उरणार नाही. हॅश दोन्ही सर्व्हरवर स्थानिकच काढा, लाइनवरून फाइल वाचू नका. सेकंदाला २०० एमबीने २८ तास लागतील, म्हणजे त्या टास्कची मर्यादाही दोन दिवस ठेवा. आणि मर्ज पुन्हा सुरू झाला की स्थानिक पूर्ण फाइल रोज बदलेल. रोबोकॉपीला ती २० टीबीची फाइल नवी वाटेल आणि तो ती रोज पहिल्यापासून पाठवायला घेईल. त्याआधी रोजच्या टास्कमधून पूर्ण फाइल वगळा आणि पलीकडचा मर्ज बॅकअप सॉफ्टवेअरच्याच कॉपी जॉबकडून तिथल्या तिथे करून घ्या. तशी सोय नसेल तर सांगा, मग रिटेन्शनची पद्धतच बदलावी लागेल.

निशाचर

कॉपी जॉबची सोय आहे, लायसन्समध्येही आहे. पलीकडे पोचलेली साखळी त्याला सुरुवातीची प्रत म्हणून दाखवता येते असं मॅन्युअलमध्ये दिसतंय. हॅश आज रात्री लावतो, जुळले की कॉपी जॉब जोडतो आणि मगच रिटेन्शनला हात लावतो.